मायक्रोस्कोपची हॉट स्टेज: चांगली आहे, पण पंखा बंद करावा लागतो

पाचपैकी तीन स्टार. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण माणूस फोनवर नीट बोलतो आणि एकदा सेन्सरची वायर फुकटात बदलूनही दिली, पण जाहिरातीत जे छापलंय त्यावर बोलायलाच लागेल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एमएस्सीच्या पोरांना लिक्विड क्रिस्टलचं (वाहतं, पण आतले रेणू शिस्तीत) प्रॅक्टिकल लावायचं होतं म्हणून पोलरायझिंग मायक्रोस्कोपवर बसणारी हॉट स्टेज, म्हणजे सॅम्पल तापवायचं बैठं साधन, मागवली, तापमान सांभाळणाऱ्या पीआयडी कंट्रोलरसकट सत्तावीस हजाराला. अॅल्युमिनियमचा ठोकळा, मधे प्रकाशासाठी भोक, तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर, दिसायला झकास. छापलेलं होतं 'अचूकता ०.१ अंश'. साधं नेमॅटिक सॅम्पल (ज्यात रेणू फक्त एका दिशेला तोंड करून असतात) लावलं तर सगळं ठीक, पण नेमॅटिकचं काय, दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तरी ते बिचारं सांभाळून घेतं. म्हटलं परीक्षा घ्यायची तर ब्लू फेजनेच घेऊ.

ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टल तापवत नेलं की ते पूर्ण पातळ व्हायच्या जरा अलीकडे, एखाद्या अंशाच्या फटीत, ब्लू फेज (थोडक्यात बीपी) येते. कोलेस्टेरिकमधे रेणू एकाच अक्षाभोवती पीळ घेत जातात, इथे मधल्या रेषेपासून सगळ्या बाजूंनी पीळ, म्हणजे डबल ट्विस्टचे सिलिंडर. आता असे सिलिंडर एकमेकांना बिनजोड लागून बसूच शकत नाहीत, कुठे ना कुठे दिशा जुळत नाही, मग तिथे दोषांच्या रेषा राहतात आणि त्या रेषांचीच जाळी तयार होते. तिचे तीन प्रकार: बीपी-१ बॉडी सेंटर्ड क्यूबिक, म्हणजे घनाच्या मधोमधही एक बिंदू असलेली जाळी, बीपी-२ सिंपल क्यूबिक, म्हणजे फक्त कोपऱ्यांवर बिंदू, आणि सगळ्यात वरची बीपी-३, तिला जाळीच नाही, नुसतं धुकं. जाळीचं माप काहीशे नॅनोमीटर, त्यामुळे मिठाच्या खड्यावर एक्स-रे जसं ब्रॅग रिफ्लेक्शन (जाळीच्या थरांवरून ठरावीक तरंगलांबी परत येणं) देतात तसं इथे साधा दिवाच देतो. वाहतंय द्रवासारखं आणि आतून स्फटिक! ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ राइनित्झरने १८८८ मधे कोलेस्टेरिल बेंझोएट थंड होताना हा निळा रंग पाहिलेला, फक्त तो काय आहे हे कळायला जग बरंच थांबलं.

तर आम्ही कोलेस्टेरिल नोनॅनोएट घेतलं, याची ब्लू फेज ९१ च्या आसपास असते. पहिल्याच दिवशी पोरांनी दोन अंश प्रति मिनिटने थंड केलं, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट मिळणार, एकाने मोबाईल काढेपर्यंत सगळं राखाडी होऊन गेलं. मग सेटपॉइंटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानावर, थांबवायला गेलो तर कंट्रोलर खाली घसरून परत वर आला, तोवर कोलेस्टेरिक बनलेलं, परत पूर्ण वितळवा, परत सुरुवात. आणि डिस्प्ले ९३.४ दाखवतोय तेव्हा आमचं सॅम्पल धुक्यात! सेन्सर ठोकळ्यात, सॅम्पल काचेवर, वरून वारा, फरक पडणारच. ०.१ ही आकड्यांची बारकाई आहे हो, अचूकता नाही.

मग ऑटोट्यून चालवलं, म्हणजे कंट्रोलरला स्वतःचं सेटिंग स्वतः ठरवू दिलं, वरून दुसरी काच झाकण म्हणून ठेवली, रॅम्प, म्हणजे तापमान बदलायचा वेग, ०.१ अंश प्रति मिनिट केला आणि पंखा बंद. एप्रिल महिना, दुपारी दोन वाजता, खोलीत ४२. घाम टपटप गळतोय आणि अंधारात आधी फिकट निळं धुकं दिसलं, मग त्यात बारीक बारीक प्लेटलेट, म्हणजे स्फटिकांच्या चकत्या, फुटायला लागल्या, निळ्या, काही हिरवट, आणि थोड्या वेळाने त्यांच्यावर आडव्या रेघा उमटल्या, म्हणजे बीपी-२ ची बीपी-१ झाली. आमचे लॅब अटेंडंट काका डोळा लावून बघतात आणि म्हणतात, 'हाई ते मोरपीस शे भाऊ!' पोरं दहा मिनिटं हलली नाहीत.

तरी एक खोट राहतेच. मधे प्लेटलेट आणि कडेला अजून काळं (म्हणजे अजून पातळच), असं एकाच वेळी दिसतं, म्हणजे काचेवर मधून कडेपर्यंत तापमान सारखं नाही. फट अर्धा-एक अंशाची असली की असा फरक लगेच पकडला जातो. आणि थंड करून मोजलेला आकडा वहीत लिहू नका, बीपी-१ सुपरकूल होते, म्हणजे आपल्या हद्दीच्या खालीही तशीच टिकून राहते, तापवतानाचाच घ्या.

पोरांनी विचारलं सर याचा उपयोग काय, तर २००२ मधे जपानी संशोधक किकुची आणि सहकाऱ्यांनी त्या दोषरेषांमधे पॉलिमर बसवून ही फट साठ अंशांच्या पुढे नेली, आणि २००८ मधे सॅमसंगने १५ इंची ब्लू फेज पॅनल दाखवला, झटपट बदलणारा. व्होल्टेज जास्त लागतं ही त्यातली अडचण.

खरा स्टार मी कापला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. ही स्टेज फक्त तापवते, थंड करायची सोय नाही, आणि हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. खोलीच्या तापमानाला ब्लू फेज देणारं एक मिश्रण आमच्याकडे आहे, ते बंगळुरूत खोलीच्या तापमानाला देत असेल, आमच्याकडे उन्हाळ्यात बाटलीतच पाण्यासारखं होऊन बसतं. खान्देशात घेणार असाल तर पाणी फिरवायची किंवा पेल्टिएरवाली (विजेवर थंडही करणारी) घ्या, महाग पडली तरी. आमची ती बाटली डिसेंबरपर्यंत कपाटात.