शीर दुखावलेल्या घोड्याच्या पायात काय घालाल: पट्टी, बूट की काहीच नाही?

माझ्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली, तेव्हा डॉक्टरांनी चालवण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. मी घरी येऊन आधी काय केलं असेल, तर मोबाइलवर बूट, म्हणजे घोड्याच्या पायाभोवती बांधायची आवरणं, शोधायला बसले. वेळापत्रकाचा कागद आठवडाभर पिशवीतच होता. पुढे वर्षभरात पट्ट्याही वापरून झाल्या, तीन जातींचे बूटही झाले. तुम्ही आत्ता त्याच शोधात असाल, तर हे वाचून मग पैसे खर्च करा.

आधी ही शीर म्हणजे काय ते हाताने बघा. पुढच्या पायाच्या नळीमागे, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडामागे, कातडीखाली लगेच जी जाड दोरी लागते, ती. रक्तवाहिनी नव्हे, इंग्रजीत हिला टेंडन म्हणतात. घोडा पाय टेकतो तेव्हा खुराच्या वरचा सांधा, म्हणजे फेटलॉक, खाली झुकतो आणि ही दोरी स्प्रिंगसारखी ताणली जाते. भरधाव पळताना एकेका पुढच्या पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. ४५० किलोचा घोडा धरला तरी अकराशे किलोच्या पुढे. एवढा भार वेल्क्रोचे दोन पट्टे पेलतील, असं दुकानदाराशिवाय कुणी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पळताना शिरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचं मोजलं गेलं आहे. गाभ्यात रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. त्यावर जाड बूट म्हणजे उन्हाळ्यात गोधडी. म्हणून कुठलीही वस्तू घेताना दोनच प्रश्न विचारायचे: पायाला बाहेरून लागणारा मार हिच्यामुळे चुकतो का, आणि पाय किती तापतो?

पोलो पट्टी, म्हणजे नळीभोवती गुंडाळायची मऊ कापडाची लांब पट्टी, दिसायला सुंदर, पायाला मऊ, बुटांपेक्षा स्वस्त, आणि शिकाऊ हातात सगळ्यात धोक्याची. डाव्या पायाला घड्याळाच्या उलट्या दिशेने, उजव्याला सुलट, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, आणि ताण द्यायचा तो पुढे हाडावर, मागे शिरेवर कधीच नाही. मी एकदा घाईत बांधली. वीस मिनिटांत वरचे वेढे घसरून खाली गोळा झाले आणि नेमके दुखऱ्या जागी कडं करून बसले. सोडली तर शिरेवर बोटभर रुंदीचा दाबलेला पट्टा उमटलेला. सुजलेल्या पायावर असा फास बसला तर नवी दुखापत होते, आणि दोष द्यायला आपल्याशिवाय कुणी नसतं. पावसात तर पट्टी नकोच, पाणी पिऊन जड होते. तुमच्याकडे बांधण्यात मुरलेला साईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, असेल आणि जमीन कोरडी असेल, तरच हिचा विचार करा.

ब्रशिंग बूट हा साधा, नळीभोवती बसणारा, आतल्या बाजूला टणक पॅड असलेला बूट. एका पायाचा खूर दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला घासतो, तो मार हा झेलतो. दुखण्यातून उठलेला घोडा सुरुवातीला पाय वेडेवाकडे टाकतो, त्यामुळे याचा उपयोग खरा आहे. हलका, छिद्रं असलेला, आतून न भिजणारा बघून घ्या. नुसत्या जाड निओप्रीनचा, म्हणजे रबरी कापडाचा, नको. माझ्या पहिल्या जोडाखालून अर्ध्या तासाने पाय काढला तेव्हा केस घामाने चिकटलेले होते आणि हात ठेवला तर भाकरीच्या तव्यावरून नुकताच उतरवल्यासारखा.

टेंडन बूट, म्हणजे पुढून उघडा आणि मागे कडक पाठ असलेला, हा मुख्यतः उडी मारणाऱ्या घोड्यांचा. मागचा खूर पुढच्या पायाच्या शिरेवर बसला तर ही पाठ वाचवते. नाव ऐकून शीर बरी करणारा बूट वाटतो, तसं काही नाही. शीर आतून ताणली जाते, त्यावर याचा इलाज शून्य. उड्या पुन्हा सुरू होईपर्यंत हा घेऊ नका.

‘सपोर्ट’ किंवा ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ लिहिलेले बूट फेटलॉकखालून पट्टा घेतात. सांध्याचं झुकणं थोडं कमी होतं असं काही चाचण्यांत दिसलं आहे, पण फरक किरकोळ आणि तोही बूट नीट बसला तरच. पाय यात तापतो, महागही हेच, आणि खरा तोटा मालकाच्या मनात: बूट घातलाय ना, मग आज दहा मिनिटं जास्त पळवू. माझं मत विचाराल तर हे पैसे पुढच्या सोनोग्राफीला ठेवा.

बेल बूट, खुराभोवती घंटेसारखा बसतो तो, मात्र घ्याच. मागचा खूर पुढच्या टाचेवर बसून होणारी जखम किंवा उखडलेला नाल टळतो. नालबंदाला वेळेवर बोलवा, लांब वाढलेला पुढचा खूर शिरेवरचा ताण वाढवतो.

आता कधी काय. पहिले तीन महिने साधारण हातात धरून चालवणंच असतं, दिवसाला पाच-दहा मिनिटांपासून हळूहळू वाढवत. शांत चालणाऱ्या घोड्याला तेव्हा पायात काही लागत नाही, बिचकून नाचणारा असेल तर ब्रशिंग बूट. दुडकी चाल सोनोग्राफी बघूनच, तीही सरळ रेषेत आणि घट्ट, सपाट जमिनीवर. ढिसाळ वाळू आणि लांब दोरीवरचे लहान गोल टाळा. तेव्हा पुढच्या पायांना ब्रशिंग बूट आणि बेल बूट. पूर्ण काम नऊ ते बारा महिन्यांनी. व्यायामानंतर बूट लगेच काढायचे, पंधरा-वीस मिनिटं थंड पाणी सोडायचं, पाय कोरडा करायचा. पुण्याच्या पावसाळ्यात बुटाखाली चिखल राहिला की कातडीवर खपल्या धरतात आणि मग बूट घालणंच बंद.

स्पर्धेचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या, नियमांनुसार ड्रेसाजच्या (शिकवलेल्या चाली दाखवण्याच्या स्पर्धेच्या) रिंगणात बूट-पट्ट्या चालत नाहीत, आणि उड्यांच्या स्पर्धेत नाल सोडून एका पायावर जास्तीत जास्त ५०० ग्रॅम. आणि सारंगखेड्याच्या बाजारात पायाला रंगीत पट्टी बांधलेला घोडा आवडला, तर भाव विचारायच्या आधी पट्टी सोडायला सांगा.

रोज सकाळी, व्यायामाआधी, दोन्ही नळ्यांवरून हाताची मागची बाजू फिरवायची. एक गरम लागली तर त्या दिवशी सुट्टी, आणि डॉक्टरांना फोन.

माझी घोडी आता दुडकीवर आहे, साध्या ब्रशिंग बुटात. सपोर्ट बूट पेटीत पडलेत. पोलो पट्ट्यांपैकी एक साईसने तबेल्याच्या खिडकीला बांधली आहे, वाऱ्याने आपटू नये म्हणून, आणि तिथे ती अजिबात घसरत नाही.