पर्सेप्ट पीसी आणि एमआरआय: बॅटरी नवी, पण वायरी कोणत्या?

मेडट्रॉनिकच्या पर्सेप्ट पीसी या डीबीएस (पार्किन्सन्ससारख्या आजारांत मेंदूला खोलवर विद्युत-स्पंद देणाऱ्या उपचाराच्या) बॅटरीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली, ती १.५ आणि ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे स्कॅनरच्या चुंबकाच्या ताकदीचं एकक) पूर्ण शरीराच्या एमआरआयच्या मुभेसह. मुभा सशर्त आहे आणि घोळ होतो तो अटींतच.

पात्रता एकट्या बॅटरीची नसते. मेंदूतली लीड (वायर), तिला बॅटरीशी जोडणारं, मानेतून उतरणारं एक्स्टेन्शन आणि बॅटरी, तिन्ही मिळून ठरते. जुन्या लीडला पॉकेट अ‍ॅडॉप्टरने (जुनी वायर नव्या बॅटरीत बसवणाऱ्या जोडणीने) नवी बॅटरी जोडली असेल, तर पूर्ण शरीराची मुभा जाते. उरलाच तर डोक्याचा स्कॅन, तोही ट्रान्समिट-रिसीव्ह हेड कॉइलवर, म्हणजे रेडिओलहरी स्वतः सोडणाऱ्या आणि पकडणाऱ्या, डोक्याभोवतीच्या कॉइलवर. बऱ्याच सेंटरांतली हेड कॉइल नुसती रिसीव्ह करते, लहरी सोडते ती बॉडी कॉइल. म्हणजे कागदावर होकार, प्रत्यक्षात नकार.

खरा धोका उष्णतेचा. वायर रेडिओलहरींची अँटेना बनते आणि ऊर्जा उतरते ती टोकाशी, मेंदूच्या ऊतीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात १ टेस्लावर कमरेचा स्कॅन झाला आणि रुग्णाला कायमचं न्यूरोलॉजिकल नुकसान झालं. ‘डोक्याचा स्कॅन नाही ना, मग काय’ हे म्हणूनच चालत नाही.

पर्सेप्टची जमेची बाजू म्हणजे एमआरआय मोड, स्कॅनपुरती बॅटरीची खास सेटिंग. बॅटरी सेट करणाऱ्या प्रोग्रॅमर उपकरणावर पात्रता लगेच दिसते. आधी इम्पिडन्स (वायरींतला विद्युत-विरोध) तपासून घ्यावा. ओपन किंवा शॉर्ट सर्किट निघालं तर स्कॅन थांबवायचा, कारण तुटक्या वायरीचं तापणं आधी सांगता येत नाही. थेरपी मोनोपोलर (प्रवाह लीडपासून बॅटरीच्या कवचापर्यंत) असेल तर बंद करावी लागते, बायपोलर (प्रवाह लीडवरच्याच दोन टोकांत) चालू राहू शकते. कंप किंवा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडणं-वळणं) जोरात असणाऱ्यांना हा फरक मोठा. बंद थेरपीत स्थिर पडून राहणं अवघडच.

टेक्निशियनला एकच प्रश्न विचारा: मशीन बी१+आरएमएस (स्कॅनमधल्या रेडिओलहरींच्या ताकदीचं माप) दाखवतं का? मेडट्रॉनिकच्याच जुन्या अ‍ॅक्टिव्हा बॅटरीला १.५ टेस्लावर मर्यादा २ मायक्रोटेस्ला, आणि ९० मिनिटांत प्रत्यक्ष स्कॅन ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही. हे आकडे पर्सेप्टला डोळे झाकून लावू नयेत. आपल्या लीडच्या मॉडेलचा तक्ता पाहावा. ताप असेल तर तारीख पुढे ढकला, आणि आत गरम पांघरूण नको.

रुग्णाचा हँडसेट आणि कम्युनिकेटर (बॅटरी बाहेरून नियंत्रित करणारी उपकरणं) स्कॅनर-रूमच्या बाहेरच ठेवायचे. स्कॅननंतर एमआरआय मोड काढून थेरपी पुन्हा चालू झाल्याचं स्क्रीनवर बघूनच सेंटर सोडा.