लिब्रेएनएमएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हापासून रोज सकाळी आधी तेच उघडतो. २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियम या अशाच सॉफ्टवेअरमधून वेगळा झालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. स्विच, राउटर, सर्व्हर यांच्याकडून एसएनएमपीने (उपकरणांना माहिती विचारण्याच्या प्रोटोकॉलने) आकडे घेतो आणि आलेख काढतो.

इन्स्टॉलेशनला एक दुपार पुरली. टाइमझोन मात्र जपा. पीएचपी (हा प्रकल्प ज्या भाषेत लिहिलाय ती) आणि सिस्टिम दोन्हीकडे सारखाच हवा. सोबत येणारी व्हॅलिडेट स्क्रिप्ट अशा चुका पकडते, पुष्कळदा दुरुस्तीची कमांडही छापून देते. कुठलाही बदल केला की मी आधी तीच चालवतो.

खरा वेळ खाल्ला तो एसएनएमपीने. पहिला सर्व्हर जोडायला गेलो तर उत्तरच नाही. पिंग होतंय, फायरवॉलमध्ये यूडीपी १६१ (एसएनएमपीचा पोर्ट) उघडा आहे, तरी गप्प! डेबियनवरचा एसएनएमपी डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) मुळात फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलंच, ऐकतो, हे कॉन्फिग फाइल वाचल्यावर कळलं. पत्ता बदलला, सर्व्हर जोडला गेला, पण दिसायला नुसतं नाव आणि अपटाइम. डिस्क नाही, इंटरफेस नाहीत. त्याच फाइलमधला 'सिस्टिमओन्ली' व्ह्यू (किती माहिती दाखवायची याची मर्यादा) आड येत होता. तो बदलल्यावर सगळं दिसू लागलं. हात लागलाच होता तर एसएनएमपी व्हर्जन ३ चा यूजरही करून टाकला, कारण जुन्या २सी व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) वायरवरून उघडीच जाते.

माझं ठाम मत: सगळ्यात जास्त मेहनत अलर्टवर घ्या. पहिल्याच आठवड्यात मुख्य स्विच रीस्टार्ट झाला आणि त्याच्यामागच्या बावीस उपकरणांचे बावीस मेल आले. असं दोन-चारदा झालं की माणूस मेल उघडायचाच सोडतो, मग मॉनिटरिंग असून नसल्यासारखं. कुठलं उपकरण कुणाच्या मागे आहे, ते डिव्हाइस डिपेंडन्सीत भरलं, नियमांना थोडा डिले दिला. आता मुख्य स्विच गेला तर त्याचा एकच मेल येतो.

पोलिंग (उपकरणांकडून आकडे घेणं) ५ मिनिटांनी होतं, त्यामुळे वीस सेकंदांची उसळी सरासरीत विरून जाते. ते १ मिनिटावर आणता येतं, पण जुन्या आरआरडी फाइल (ज्यांत आलेखांचे आकडे साठतात) बदलाव्या लागतात आणि डिस्कवरचा भार वाढतो. मी ५ वरच ठेवलंय.

मागच्या महिन्यात एका विभागातून 'नेट स्लो आहे' अशी तक्रार आली. त्यांच्या अपलिंकचा (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीचा) ट्रॅफिक आलेख अगदी नेहमीसारखा. मग त्याच पोर्टचा एरर आलेख उघडला: कामाच्या वेळेत ट्रॅफिक चढला की इनपुट एरर चढत, रात्री शून्य. पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल) बदलली, पुढच्या दोन पोलिंगमध्ये रेष तळाला टेकली. मग आलेख मागे सरकवत गेलो. एरर बरोबर अकरा दिवसांपूर्वी सुरू झाले होते, ज्या संध्याकाळी आम्ही तो रॅक हलवला होता.