सिंपी की सेजमॅथ : बीजगणिताचा कोड लिहायला सुरुवात कुठून करावी?

टीवाय बीएस्सीला गणित आहे, रिंग थिअरी (बेरीज-गुणाकार करता येणाऱ्या रचनांचा अभ्यास) मनापासून आवडते, पायथन बऱ्यापैकी येतं आणि आता एखाद्या ओपन सोर्स गणिती सॉफ्टवेअरमध्ये बीजगणिताचं काहीतरी स्वतः लिहून घालायचं आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजांतली मुलं हे विचारतात तेव्हा गाडी बहुतेक दोन नावांवर येते, सिंपी आणि सेजमॅथ. माझं मत आधीच सांगते. पदवीच्या विद्यार्थ्याने सिंपीपासून सुरुवात करावी. हे सगळ्यांना लागू नाही, त्याबद्दल पुढे सांगेनच.

दोन्हीतला फरक कळायला एकच काम दोन्हीकडे करून बघा. एक्सचा पाचवा घात वजा एक्स वजा एक ही बहुपदी घ्या आणि तिचा गाल्वा ग्रुप, म्हणजे तिच्या मुळांची सममिती सांगणारा ग्रुप, काढायला सांगा. उत्तर दोन्हीकडे एकच येतं, एस-५, म्हणजे पाच मुळांच्या सगळ्या अदलाबदलींचा ग्रुप. आता ते उत्तर निघालं कसं, हे कोडमध्ये शोधा.

सिंपीत ती फाइल पायथनमध्येच आहे आणि वरपासून खालपर्यंत वाचता येते. दहावीत वर्गसमीकरणासाठी काढलेला विवेचक इथे पाचव्या घातासाठी भेटतो. या बहुपदीचा विवेचक २८६९ आहे, तो पूर्ण वर्ग नाही, म्हणजे ग्रुप ए-५ मध्ये (एस-५ मधल्या फक्त सम अदलाबदलींच्या ग्रुपमध्ये) बसत नाही. पुढे रिझॉल्व्हंट नावाची दुसरी बहुपदी तयार करून तिला पूर्णांक मूळ आहे का ते तपासलं जातं. वर्गात फळ्यावर सिद्ध केलेलं प्रमेय असं ओळीओळीने चालताना दिसतं, आणि मला सिंपीचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं. शिवाय हे काम ६ घातापर्यंतच झालेलं आहे. नव्या माणसाला पुढे जायला जागा आहे.

सेजमध्ये दोन-तीन फंक्शनं खाली उतरलात की पायथन संपतं आणि काम पॅरी नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे जातं, ते सी भाषेत लिहिलेलं. सेजची रचनाच तशी आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं तेव्हापासून धोरण असं, की जे उत्तम तयार आहे ते एकत्र जोडायचं. ग्रुपसाठी गॅप, ग्रोबनर बेसिससाठी (अनेक बहुपदी समीकरणं एकत्र हाताळायचं साधन) सिंग्युलर, नंबर थिअरीसाठी पॅरी, वेगवान बहुपदींसाठी फ्लिंट. त्यामुळे वेगात आणि आवाक्यात सेज कितीतरी पुढे आहे. पॅरीचा गाल्वा ग्रुप ११ घातापर्यंत जातो. पण मोठ्या गणनेचा अल्गोरिदम बदलायचा असेल तर तो बऱ्याचदा सेजबाहेर, त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये बदलावा लागतो.

सेजची एक गोष्ट मात्र सिंपीत त्या तोडीची नाही. प्रत्येक घटकाला त्याचं घर असतं, म्हणजे ही संख्या कोणत्या रिंगमधली हे सेजला नेहमी ठाऊक असतं. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीत एक द्वितीयांश मिळवा, बेरीज आपोआप परिमेय सहगुणकांच्या रिंगमध्ये जाते. अमूर्त बीजगणित ज्यांना रचना म्हणून आवडतं, एमएस्सीत मॉड्यूल आणि होमोमॉर्फिझममध्ये जे रमलेत, त्यांनी सरळ सेजकडे जावं. माझं वरचं मत त्यांच्यासाठी नाही.

यंत्राचाही विचार करा. सिंपीला पायथनची एमपीमॅथ ही लायब्ररी सोडून काही लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कोड उतरवा, ओळ बदला, लगेच टेस्ट चालवा. सेज सोर्समधून बांधायचं तर साध्या लॅपटॉपवर काही तास आणि कित्येक जीबी जागा जाते. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, घालावं लागतं. कोंडा (तयार पॅकेजेस बसवून देणारं साधन) वापरलं तर त्रास बराच कमी होतो. कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोज मशीनवर हे करायला परवानगी मिळेलच असं नाही.

पुण्यात आयसर आहे, मुंबईत टीआयएफआर आहे. नाशिकमध्ये संध्याकाळी जाऊन शंका विचाराव्यात असा संगणकीय बीजगणिताचा गट सहज सापडत नाही. त्यामुळे ज्याचा कोड एकट्याने तळापर्यंत वाचता येतो त्याचं वजन इथे जास्त. ग्रुप थिअरीचंच वेड असेल तर गॅप बघा, पण त्याची स्वतःची भाषा शिकावी लागते. ज्युलिया ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं ऑस्कर हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर बघा. ते तरुण आहे, त्याची १.० आवृत्ती २०२४ ला आली.

कोड स्वीकारला जाण्याची पद्धतही वेगळी. सेजमध्ये प्रत्येक फंक्शनसोबत चालवून तपासता येतील अशी उदाहरणं लिहावीच लागतात. ही शिस्त कुठेही उपयोगी पडते. सेजचं काम २०२३ मध्ये ट्रॅक या जुन्या तिकीट-व्यवस्थेवरून गिटहबवर आलं, त्यामुळे ट्रॅकवर तिकीट काढायला सांगणारी मार्गदर्शिका दिसली तर ती जुनी समजा. सिंपीत पुल रिक्वेस्टसोबत (आपला बदल स्वीकारावा म्हणून पाठवलेली विनंती) टेस्ट लागतात आणि वर्णनात रिलीज नोट्सची नोंद लागते.

एक गोष्ट ठामपणे सांगते. सेज जीपीएल परवान्याखाली आहे, सिंपी बीएसडी. जीपीएलचा कोड घेतला की त्याच्या अटीही सोबत येतात, बीएसडी त्यापेक्षा मोकळा आहे. सेजमधलं फंक्शन बघून ते सिंपीत उतरवायचं नाही, ओळी थोड्या बदलल्या तरीही नाही. अल्गोरिदम शोधनिबंधातून किंवा पाठ्यपुस्तकातून समजून घ्या आणि स्वतः लिहा.

गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स प्रकल्पात मानधनावर काम करायची गूगलची योजना) डोळ्यांसमोर असेल तर वेळेचं गणित आधी मांडा. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतात, नेमके आपल्या प्रॅक्टिकल आणि सेमिस्टर परीक्षांच्या तोंडावर. सिंपी अर्जदाराकडून आधी एखादा पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, मागते आणि तो तपासून व्हायला कधी कधी आठवडे लागतात. म्हणून पहिली छोटी दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीतच पाठवा. ती बहुपदींच्या विभागातली असेल तर उत्तम, म्हणजे पुढच्या प्रस्तावासाठी लागणारा कोड तेव्हाच वाचून होईल.