वॉल्व्ह रेडिओ किंवा अँपसाठी कपॅसिटर: पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन की ऑइल पेपर?

जुना वॉल्व्ह रेडिओ उघडलाय आणि आत मेण ओघळलेले कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) दिसतायत, तर आधी ईएल८४ या आउटपुट ट्यूबच्या (वॉल्व्हच्या) ग्रिडला जाणारा कपलिंगवाला, म्हणजे सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा, शोधा, बाकीचं नंतर. तो जरासा जरी लीक झाला तरी आधीच्या ट्यूबच्या प्लेटचे डीसी व्होल्ट ग्रिडवर येतात, ट्यूब करंट ओढत सुटते, प्लेट लाल होते आणि कधीकधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरपण सोबत घेऊन जाते. म्हणून इथे किंमत बघू नका, लीकेज बघा.

पॉलिएस्टर स्वस्त, बारका, जुन्याच्या जागी आरामात बसतो. पॉलिप्रॉपिलीनचा लीकेज आणि लॉस अजून कमी, पण तेवढ्याच व्हॅल्यूला आकाराने जाडजूड. रेडिओच्या एका स्पीकरवर मला तरी दोघांत फरक ऐकू आला नाही, तिथे ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्या आणि मोकळे व्हा. अँप बनवताय, जागा आहे, तर पॉलिप्रॉपिलीन. ऑइल पेपर (तेलात भिजवलेल्या कागदाचा) दिसायला भारी, पण जुन्या स्टॉकचा असेल तर लीकेज मोजल्याशिवाय मी लावणार नाही, मग तो कितीही गोड वाजतो म्हणोत.

पॉवर सप्लायच्या फिल्टरला, म्हणजे डीसी सपाट करायला, इलेक्ट्रोलिटिक, १०५ डिग्रीवाला, ४५० व्होल्ट. मी एकदा ३५० चा लावलेला, ट्रान्सफॉर्मर २५० चाच आहे म्हणून, पण २५० एसीचे पीकला ३५३ होतात आणि माझ्या अँपमधे रेक्टिफायर ट्यूबऐवजी डायोड होते, म्हणजे ट्यूबा गरम व्हायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज हजर... फुगला बिचारा. आणि हम (स्पीकरमधली घूंघूं) कमी करायला व्हॅल्यू वाढवत बसू नका, ईझेड८० या रेक्टिफायर ट्यूबला पहिला कपॅसिटर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरड, १०० लावलात तर चार्जिंगच्या झटक्याने रेक्टिफायर जाईल. वाढवायचाच तर रेझिस्टर किंवा चोकच्या (फिल्टरमधल्या कॉइलच्या) पुढचा वाढवा. अँपमधे जागा असेल तर एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरचा ४४० व्होल्टचा रनिंग कपॅसिटरपण चालतो, तो पॉलिप्रॉपिलीनच असतो, इलेक्ट्रोलिटिकसारखा सुकत नाही. रेडिओत मात्र तो डबा मावणार नाही.

हात घालायच्या आधी प्लग काढा आणि १० के (किलोओहम), ५ वॉटच्या रेझिस्टरला क्लिपा लावून डिस्चार्ज करा, ४७ मायक्रोफॅरडला दोन-तीन सेकंद पुरतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. नंतर मीटर लावून बघाच, कारण रेझिस्टर काढल्यावर थोडे व्होल्ट परत वर येतात.