वसईतलं दोन दिवसांचं मौन रिट्रीट: सकाळ एकदम भारी, संध्याकाळ मात्र...

नाव लिहीत नाहीये. वसई लहान आहे आणि तिथल्या सिस्टर रविवारी चर्चमधे मिस्सेला माझ्या मागच्याच बाकावर असतात. पण मागच्या महिन्यात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं रिट्रीट (म्हणजे घरापासून दूर राहून नुसती प्रार्थना) केलं, विषय 'लेक्सिओ दिविना', म्हणजे बायबलमधला एक छोटा उतारा घेऊन त्याच्यावर प्रार्थना करायची, आणि ट्रेनच्या ग्रुपमधल्या दोघीतिघी विचारतायत जावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी सोयीचं बघू. माणशी १८०० रुपये, खोलीत दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी मागितली तरच मिळते (मागा, लाजू नका). गरम पाणी सकाळी सहा ते सात, सात वाजून पाच मिनिटांनी गेलात तर देवाचं नाव घ्या आणि थंड पाणी अंगावर घ्या. जेवण घरच्यासारखं, शनिवारी दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं, फक्त मौन असल्यामुळे कुणी पापड मोडला तरी अख्खा हॉल मान वळवून बघतो. मोबाईल पहिल्याच रात्री पिशवीत घालून नंबर लावून ठेवून घेतात. मी जेवताना चार वेळा खिसा चाचपला असेल, शेवटी शेजारची बाई हसायला लागली आणि मग मीपण.

आता मेन गोष्ट, शनिवारची सकाळ. फादर साधे, माईक न घेता बोलणारे. त्यांनी १२ व्या शतकातल्या गिगो नावाच्या एका कार्थुसियन (म्हणजे एकांतात, मौनात राहणाऱ्या पंथाच्या) मठवासीयाचं सांगितलं, त्याने या प्रार्थनेची चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवलीय: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. जुने मठवासी याला लॅटिनमधे रुमिनातिओ म्हणायचे, म्हणजे चक्क रवंथ. हे सांगून फादरांनी खिडकीकडे बोट केलं, बाहेर शेजारच्या वाडीत चिंचेखाली म्हैस बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, जबडा आपला एका लयीत चाललेला. म्हणाले, दोन दिवस एवढंच करायचंय. इतकं चांगलं शिकवलेलं मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी ऐकलं नव्हतं.

उतारा होता मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, आंधळा भिकारी बार्तीमय, ज्याला येशू दृष्टी देतो. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. एका सिस्टरनी तीनदा वाचला, मधे मधे दहा मिनिटं शांतता, आणि आपण फक्त एक शब्द धरायचा जो अडकेल तो. मला वाटलं होतं 'दृष्टी' किंवा 'विश्वास' असलं काहीतरी भारदस्त अडकेल. अडकलं काय, तर त्याचं वस्त्र. येशू बोलावतो तेव्हा तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो, हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकूनही ऐकलंच नव्हतं. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण पांघरूण सगळं तेच, आणि तो ते अजून दिसायला लागलेलं नसताना टाकतो, बरा झाल्यावर नाही! आणि मला काय आठवावं, तर पप्पांच्या हॉस्पिटलची फाईल. ते जाऊन तीन वर्षं झाली, मी ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीय आणि अधूनमधून काढून रिपोर्टच्या तारखा बघत देवाशी भांडते. बाकी काही झालं नाही. उजेड पडला, आवाज आला असलं काही नाही. पण त्या वीस मिनिटांचे मी १८०० काय, दुप्पट दिले असते.

फादरांनी बजावलं पण होतं, की उताऱ्यात चिठ्ठी शोधू नका, माझी बदली होईल का, मुलीचं लग्न जमेल का, त्यासाठी हे नाही. कंटाळा आला तर कंटाळ्यासकट बसा.

आणि मग संध्याकाळी साडेसहाला बाहेरून एक काका आले. परदेशातल्या कुणा बाईला मारियामाता संदेश देते म्हणे, त्याचे प्रिंटआऊट वाटले, तीन दिवस अंधार पडणार, खिडक्या बंद ठेवायच्या, फक्त आशीर्वादित मेणाच्या मेणबत्त्या पेटतील, आणि त्या मेणबत्त्या बाहेर टेबलावर, दीडशेला एक. सव्वा तास! मौनाच्या रिट्रीटमधे. जे लोक सकाळी एका शब्दापाशी शांत बसलेले, तेच रात्री जेवताना कुजबुजत होते की कुठल्या वर्षी होणार. सकाळी शिकवलं उत्तर न मागता बसायचं, संध्याकाळी उत्तर तारखेसकट हातात. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. ब्रोशरमधे यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं, ऑफिसमधे सांगितलं तर म्हणे लोकांना आवडतं.

रविवारी प्रश्नांसाठी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या, मी टाकली. फादरांनी काकांचं नाव न घेता छान सांगितलं. देवाने सांगायचं ते ख्रिस्तात पूर्ण सांगून झालंय, नंतरचे साक्षात्कार म्हणजे खासगी प्रकटीकरण, ते श्रद्धेच्या ठेव्यात (म्हणजे चर्चच्या मूळ शिकवणीत) मोडत नाही, कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात ६७ व्या परिच्छेदात हे स्पष्ट आहे. मारियामातेच्या दर्शनांसाठी प्रसिद्ध फ्रान्समधलं लुर्द १८५८ चं, पोर्तुगालमधलं फातिमा १९१७ चं, दोन्हीकडे चौकशी करून बिशपांनी मान्यता द्यायला वर्षं गेली, फातिमाला तर १९३० उजाडलं, आणि तरीही ते मानलंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. पोप बेनेडिक्टनी २०१० मधे लिहिलंय की ही एक मदत आहे, घ्यायलाच हवी असं नाही. मे २०२४ पासून व्हॅटिकनचे नवे नियम आलेत, आता साधारणपणे 'हे अलौकिकच आहे' असं जाहीरच करत नाहीत, जास्तीत जास्त 'हरकत नाही' म्हणतात. बोस्नियातल्या मेजुगोर्येला, जिथे मारियामाता दिसते म्हणतात, सप्टेंबर २०२४ मधे तेच मिळालं, तेही १९८१ पासून एवढी गर्दी होत असताना. आणि स्पेनचे संत जॉन ऑफ द क्रॉस १६ व्या शतकातच म्हणून गेलेत, की देवाने आपला पुत्र, येशू, दिल्यावरही त्याच्याकडे अजून दर्शनं मागणं म्हणजे त्याचा अपमान आहे. माझा प्रश्न एवढाच, की फादर, हे शनिवारी संध्याकाळी का नाही सांगितलंत?

परत येताना रिक्षात बरोबरच्या मावशीशी वाजलं. ती रोज तीन वाजता डिव्हाईन मर्सीची (देवाच्या दयेची, पोलंडच्या सिस्टर फॉस्तिनाच्या दर्शनांतून आलेली) प्रार्थना म्हणते, काहीही असो, गॅस बंद करून. म्हणाली, "अगं, फॉस्तिनाच्या डायरीवर पण बंदीच होती ना? मग?" आणि बरोबर आहे तिचं. १९५९ मधे रोमने फॉस्तिनाच्या लिखाणाचा प्रसार थांबवला होता, १९७८ मधे ती बंदी उठली आणि २००० मधे तीच बाई संत झाली. म्हणजे आज नाही म्हटलेलं उद्या हो होऊ शकतं. पण मी तिला म्हटलं, मावशी, फॉस्तिना १९३८ मधे टीबीने गेली, तिने कुणाला मेणबत्ती विकली नाही, आणि तिच्या संदेशात दया सोडून नवीन असं काय आहे? ते तर लूकच्या शुभवर्तमानात आहेच, हरवलेल्या मुलाच्या गोष्टीत. मावशी म्हणाली, "तुला वाचता येतं म्हणून तुला लूक पुरतो." यावर मला बोलता आलं नाही, अजून विचार करतेय.

तर जावं का? हो, जा, पण फोन करून विचारा की संध्याकाळचा वक्ता कोण आहे, आणि असलाच कुणी तसा तर सरळ वाडीत फिरायला निघून जा, कुणी अडवत नाही. खोली मागच्या बाजूची मागा, रस्त्याकडे पहाटेपासून टेम्पो. शनिवार सकाळला पाच स्टार, जेवणाला साडेचार, संध्याकाळला एक, तोही पंखे चालू होते म्हणून.

मावशीने दोन मेणबत्त्या घेतल्याच होत्या, एक आम्हाला दिली. परवा पावसात लाईट गेली तेव्हा आईने ती लावली, मावशीला सांगू नका, पण दोन तास आरामात चालली आणि धूर अजिबात नाही.