स्कॉलरशिपची फाईल क्लिअर करून देतो असा फोन आला तर आधी हे वाचा

काल माझ्या ज्युनिअरला सेम तसाच कॉल आला, सेम बोलणं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. माझे १३,६९९ रुपये गेलेत, पप्पांच्या सोयाबीनचे.

मी इंजिनिअरिंग सेकंड इयरला, संभाजीनगरला रूम करून राहतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर, शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, दोन्ही फॉर्म भरलेले. कॉलेजमधून अप्रूव्ह झाले पण पैसे काही येईनात, मित्रांचे आले, माझेच नाहीत, त्यात मेसवाला रोज मागे लागलेला. मग मी एका टेलिग्राम ग्रुपवर स्टेटसचा स्क्रीनशॉट टाकला की कुणाला माहितीय का काय प्रॉब्लेम आहे. त्यात माझं नाव, ब्रँच, अर्ज नंबर सगळं दिसत होतं. तिथंच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, मुंबईवरून बोलतोय, स्कॉलरशिप डेस्क." आवाज शांत, बोलणं आपल्याकडचंच, अर्ज नंबर त्यानंच वाचून दाखवला, मग संशय कुठून येणार? आधी ९९९ फाईल चार्ज, "स्कॉलरशिपसोबत परत मिळतो" म्हणे. व्हॉट्सअॅपवर अशोकस्तंभ असलेलं पत्र पण पाठवलं. आज ते पत्र मोठं करून बघतो तर "शिष्यवृती" लिहिलंय, आणि शिक्क्याच्या कडेनं पांढरी चौकट दिसते, म्हणजे दुसरीकडून कापून चिकटवलेला. तेव्हा घाईत नुसतं स्तंभ बघितला न पैसे टाकले.

संध्याकाळी ३,५०० डिपॉझिट. मग क्यूआर कोड आला, "स्कॅन करून पिन टाक, रक्कम जमा होते, पाचला सर्व्हर बंद होतोय लवकर कर." पिन टाकला आणि ९,२०० कट झाले. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे मला माहिती होतं हो, पण तो फोन ठेवूच देत नव्हता, डोकंच चालेना.

घरी काय सांगू या भीतीनं तीन दिवस गप्प बसलो, मग १९३० ला, म्हणजे सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईनला, फोन केला. तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरलेले. लगेच केला तर रक्कम अडवता येऊ शकते, त्यामुळे रडत बसू नका, आधी १९३० लावा, घरच्यांना नंतर सांगा.

खरं कारण कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातल्या मॅडमनी एका मिनिटात सांगितलं. पैसे आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे आधार नंबर जोडलेल्या खात्यातच जातात आणि माझं सीडिंग गावाकडच्या बंद पडलेल्या खात्याला होतं. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, मग बँकेत जाऊन फॉर्म भरला, एक रुपया लागला नाही. फाईल पुढे सरकवायला सरकारी चार्ज असा काही नसतो, कुणी पैसे मागितले की फोन कट करा आणि कॉलेजच्या ऑफिसात जा.

ज्युनिअरला आज सकाळी मी स्वतः त्या मॅडमकडे घेऊन गेलो, तिचंही सीडिंगच राहिलं होतं.